खालच्या चार तारा

गेल्या वर्षीच्या कोजागरीची गोष्ट आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर कोजागरीला दूध आटते, आणि ते आटेपर्यंत ज्याला जे येते ते तो चारचौघांत करून दाखवतो. एक बाई भावगीत म्हणतात, एक निवृत्त पोस्टमास्तर माउथ ऑर्गन वाजवतात, मुले शेजाऱ्यांच्या नकला करतात. त्या रात्री माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र विजेच्या गिटारी, ड्रमचा संच आणि वायरींचे भेंडोळे घेऊन आले आणि त्यांनी 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हे रॉक संगीतातले गाजलेले गाणे वाजवले. गाणारा मुलगा बरा होता. गिटारवाला तर फारच बरा होता. माझे डोके फिरवले ते आमच्या भाच्याने.

भाचा बेस गिटार वाजवतो. माझ्या कानांत चाळीस वर्षे रुतून बसलेल्या रेकॉर्डवर खालचे जे स्वर आहेत, ते त्याने वाजवलेच नाहीत. त्यांच्या जागी त्याने आपले काहीतरी नाचरे, लचकत जाणारे, मध्येच थबकून पुन्हा उसळणारे असे वाजवले. कार्यक्रम संपल्यावर मसाला दुधाचा पेला हातात धरून मी सर्वांसमक्ष त्याला म्हणालो, "गाण्याची वाट लावलीस. रेकॉर्डवर असा बेस नाहीच आहे."

"कुठल्या रेकॉर्डवर, मामा?" त्याने विचारले.

"कुठल्या म्हणजे? जिमी हेन्ड्रिक्सच्या."

"पण गाणं हेन्ड्रिक्सचं कुठे आहे?"

मी दुधाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला एक वर्ष लागले. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

ज्यांना बेस गिटार म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांना आधी चार शब्द सांगायला हवेत. साध्या गिटारीला सहा तारा असतात, बेस गिटारीला बहुधा चारच. त्यांचे स्वर गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली असतात. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. एवढा खालचा स्वर मोबाइलच्या चिमुकल्या भोंग्यातून नीट बाहेरच पडत नाही. त्याच्या वरच्या उपस्वरांवरून आपला कान त्याची अटकळ बांधतो, इतकेच. पूर्वी हे काम माणसाच्या उंचीचे डबल बेस हे वाद्य करीत असे. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला आणि ते धूड गिटारीसारखे गळ्यात अडकवता येऊ लागले. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांची गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांनी हे वाद्य नकळत ऐकलेले आहे. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवीत असत. ऐकलेले आहे, पण लक्षात ठेवलेले नाही. बेसची जातच तशी. तबल्याच्या जोडीत डग्ग्याचे जे होते तेच येथे होते. वाहवा तबल्याच्या बोटांना मिळते आणि मान मात्र डग्ग्याच्या घुमाऱ्यावर डोलते.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळू. 'वॉचटॉवर' हे गाणे बॉब डिलनचे. १९६७ साली नॅशव्हिल येथे त्याने ते ध्वनिमुद्रित केले. अकूस्टिक गिटार, हार्मोनिका, ड्रम आणि चार्ली मॅकॉयचा बेस एवढाच संसार. गाण्यात कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ, अवघे तीन. दोन पायऱ्या खाली उतरायचे, एक पायरी वर यायचे आणि पुन्हा मूळ ठिकाणी. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हेच चक्र. एकल तबलावादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा फिरत असतो, तसे हे गाणे फिरत राहते. हेन्ड्रिक्सने त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, १९६८ च्या जानेवारीत, लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत ते हाती घेतले. त्याच्या संचातला बेसवादक नोएल रेडिंग मुद्रण चालू असताना कंटाळून निघून गेला आणि अखेर बेसही हेन्ड्रिक्सनेच वाजवला. म्हणजे ज्या खालच्या स्वरांना मी वेदवाक्य समजत होतो, ते मूळ गाण्यातले तर नव्हतेच, पण ते वाजवणारा मनुष्यही पेशाने बेसवादक नव्हता. डिलनच्या गाण्यातली शांत, दबकी धास्ती हेन्ड्रिक्सने वादळात नेली, आणि पुढे खुद्द डिलन मैफलीत आपले हे गाणे हेन्ड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागला. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हा प्रश्न येथे गाण्याच्या जन्मदात्यानेच निकालात काढला. मी मात्र गच्चीवर उभा राहून पोराला मुळाबरहुकूम वाजवायला सांगत होतो.

माझी ही सवय कोठून आली याचा मी पुष्कळ विचार केला. आपण मराठी रसिक दोन कायदे बाळगून असतो. चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदाला गेलो की 'हुबेहूब' हे आपले सर्वांत मोठे बक्षीस. गाणारी मुलगी हुबेहूब लताबाईंसारखी गायली की आपण शिट्ट्या मारतो. तोच मनुष्य दुसऱ्या दिवशी ख्यालाच्या बैठकीला गेला आणि तेथे एखादा गवई आपल्या गुरूची हुबेहूब प्रत काढू लागला, तर तो शेजाऱ्याच्या कानात कुजबुजतो, "ठीक आहे, पण स्वतःचं काही नाही." बंदिशीचे शब्द, राग, ताल आणि मुखडा एवढे सांभाळले की बाकीचा प्रांत गवयाचा, हे आपण गृहीतच धरतो.

मग रॉकच्या गाण्याला यांतला कोणता कायदा लावायचा? अडचण अशी, की हे गाणे आपल्याला रेकॉर्डच्या रूपानेच भेटते. रेकॉर्डवर सगळेच कोरलेले असते. गायकाचा श्वास, ड्रमची एखादी चुकार थाप, तारेवर घसरलेले बोट. ऐकणाऱ्याला ते सारे गाण्याचे अवयवच वाटू लागतात. पण रेकॉर्ड म्हणजेसुद्धा कोणी एका दिवशी, एका खोलीत केलेले एक वादनच. त्यातले गाणे कोणते आणि त्या दिवसाचे काय, हे निवडायला शिकले पाहिजे. दुसऱ्याचे गाणे पुन्हा वाजवणाऱ्यांचे, म्हणजे 'कव्हर' करणाऱ्यांचे, खरे काम ते आहे.

मराठीत 'चाल' हा मोठा सोयीचा शब्द आहे. गाण्याची चाल म्हणजे त्याची स्वररचना, आणि माणसाची चाल म्हणजे त्याचे चालणे. चांगल्या कव्हरमध्ये पहिली चाल तीच राहते आणि दुसरी बदलते. चेहरा ओळखीचा असतो, पण मनुष्य वेगळ्याच झोकात चालत येतो. ही दुसरी चाल ठरते ती बेस आणि ड्रम यांच्यामुळे. म्हणून कव्हर करणाऱ्या मंडळींत खरे स्वातंत्र्य कोणाला असेल तर ते बेस वाजवणाऱ्याला. गायकाने चाल फार मोडली तर गाणे ओळखू येत नाही. बेसवाल्याने खालून सगळे बदलले तरी गाणे तेच राहते आणि नवे होते.

याचे पहिले उदाहरण 'सॅटिस्फॅक्शन'चे. रोलिंग स्टोन्सचे हे गाणे १९६५ च्या जूनमध्ये बाजारात आले. त्याचा मुखडा म्हणजे कीथ रिचर्ड्सने घरघरत्या आवाजाच्या गिटारीवर वाजवलेली ती प्रसिद्ध सुरावट. रिचर्ड्सच्या मनात तेथे खरे म्हणजे फुंकवाद्ये होती. गिटार त्यांची तात्पुरती जागा धरून होती. त्याच वर्षी जुलैत, मेम्फिस शहरात, एका जुन्या चित्रपटगृहाच्या जागेत थाटलेल्या स्टॅक्स स्टुडिओत ओटिस रेडिंगने हे गाणे गायले. मुखडा ट्रम्पेट-सॅक्सोफोनांनी उचलला. खाली डोनाल्ड डन, ज्याला सगळे 'डक' म्हणत, बेसवर आणि अल जॅक्सन ड्रमवर. डन काही करामत करीत नाही. तो स्वर ठासून बसवतो आणि जॅक्सनच्या थापेला असा चिकटून राहतो, की दोघांचे मिळून एकच वाद्य वाटावे. वर रेडिंग बेभान होतो, शेवटी तर शब्द तुटतात आणि तो नुसते तुकडे फेकत राहतो. एवढ्या धुमाळीत गाणे कोसळत नाही, याचे कारण खालची जमीन हललेली नाही. लंडनच्या तरुणांची चिडचीड मेम्फिसमध्ये येऊन नाचाचे कारण झाली, आणि शब्द मात्र बहुतांशी तेच होते.

दुसरे उदाहरण बीटल्सचे. 'विथ अ लिट्ल हेल्प फ्रॉम माय फ्रेन्ड्स' हे १९६७ सालचे गाणे रिंगो स्टारने गायले आहे. हसतखेळत, सकाळी फिरायला निघावे तशा लयीत. त्यातला पॉल मॅकार्टनीचा बेस ज्याने कधी लक्ष देऊन ऐकला नसेल त्याने आज दिवाळीच्या फराळानंतर जरूर ऐकावा. त्या काळात मॅकार्टनी पुष्कळदा इतर सगळे मुद्रण झाल्यावर बेस अखेरीस भरीत असे. त्यामुळे गायकाने कोठे श्वास घेतला आहे, कोठे जागा सोडली आहे, हे त्याला ठाऊक असे. रिंगोची चाल साधीसुधी आणि आखूड पट्टीची. तिच्या पोटातून मॅकार्टनीचा बेस दुसरी एक चाल गुणगुणत जातो.

पुढच्याच वर्षी शेफील्डच्या जो कॉकरने हे गाणे घेतले आणि त्याची लयच मोडली. चारचारच्या मात्रांतले गाणे त्याने विलंबित, तीनतीनच्या झुलत्या लयीत नेले. आपल्या भाषेत सांगायचे तर केरव्याचा दादरा केला, आणि तोही अगदी सावकाश. आता मॅकार्टनीची ती चपळ, गुणगुणती ओळ या संथ लयीत घातली असती तर पालखीपुढे सायकलच्या कसरती केल्यासारखे झाले असते. बेस वाजवणाऱ्या ख्रिस स्टेन्टनने तो मोह टाळला. त्याचे स्वर वजनदार आहेत आणि दोन स्वरांमधल्या मोकळ्या जागेचे त्याला भय नाही. कॉकरचा फाटका आवाज त्या मोकळ्या जागेत शिरतो. रिंगोच्या तोंडी जे मित्रांशी केलेले गमतीचे बोलणे होते, ते येथे बुडणाऱ्या माणसाने मारलेली हाक होते. ही करामत एकट्या बेसची नाही, हे खरेच. पण बेसने जुन्याच चालीने चालण्याचा हट्ट धरला असता तर ती झाली नसती, हेही तितकेच खरे.

आणि काही वेळा तर खाली बेस नसतोच. बीटल्सच्या 'एलिनॉर रिग्बी'त आठ तंतुवाद्ये आहेत, ड्रम नाहीत, बेस गिटारही नाही. अरीथा फ्रँकलिनने ते गाणे घेतले तेव्हा खाली ताल आणि बेस घालून त्या एकाकी म्हातारीच्या कथेला तिने चक्क पाय दिले.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे बेसवाल्याला रान मोकळे. तसे नाही. बीटल्सचेच 'कम टुगेदर' घ्या, १९६९ सालचे. त्यात प्रथम कानावर येते ती मॅकार्टनीची बेसची घसरत वर जाणारी सुरावट. तेथे बेस हाच मुखडा आहे. १९७८ साली एरोस्मिथ या अमेरिकन मंडळींनी ते गाणे आपल्या रांगड्या पद्धतीने वाजवले, पण त्या सुरावटीला धक्का लावला नाही. बरोबरच केले. बंदिशीचा मुखडा बदलला तर बंदीश उरत नाही. तेव्हा कव्हर करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हा: या गाण्यात बेस चेहरा आहे की पाय? चेहरा असेल तर जपावा. पाय असतील तर नवी चाल शिकवावी. 'वॉचटॉवर'मध्ये बेस पाय आहे. म्हणजे माझ्या भाच्याला पूर्ण अधिकार होता.

मग त्या रात्री माझे कान दुखावले ते कशाने?

एका शेजाऱ्याने मोबाइलवर तो कार्यक्रम टिपून ठेवला होता. मी हेडफोन लावून तो तीन-चार वेळा ऐकला आणि माझ्या लक्षात आले, की माझा निकाल बहुधा बरोबर होता, पण दिलेले कारण साफ चुकीचे होते. ही मुले ज्याला 'ग्रूव्ह' म्हणतात, आणि आपले तबलजी ज्याला 'ठेका लागला' म्हणतात, ती वस्तू नुसत्या नाचऱ्या स्वरांनी येत नाही. ती तीन गोष्टींनी येते. एक, बेसचा स्वर आणि पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची थाप यांचा सलोखा. दोन, पुनरावृत्ती: पुढच्या आवर्तनात काय येणार हे ऐकणाऱ्याच्या पायाला आधी कळले पाहिजे, तरच तो पाय हलतो. आणि तीन, सर्वांत अवघड गोष्ट, स्वर थांबवणे. बेसचा स्वर कधी सुरू झाला याइतकेच तो कधी संपला याला महत्त्व आहे. डाव्या हाताचे बोट तारेवरून किंचित उचलले की स्वर मिटतो. त्या मिटण्यातून जी रिकामी जागा तयार होते, तिच्यात ड्रमची टाळी पडते. आपला भाचा आवर्तनाचा उत्तरार्ध दर वेळी वेगळ्या स्वरांनी भरून काढीत होता, आणि नेमकी गाणाऱ्याची ओळ सुरू व्हायची तेथे त्याची गर्दी सर्वांत दाट होत होती. गाणाऱ्याला पाऊल टाकायला त्याने जागाच ठेवली नव्हती. रेकॉर्डपासून तो दूर गेला हा त्याचा दोष नव्हता. तो गाण्यासाठी न जाता स्वतःसाठी गेला, हा दोष होता.

डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचा जेम्स जेमरसन याची येथे आठवण होते. उजव्या हाताच्या एका तर्जनीने तो तारा छेडी आणि त्या तारा बदलण्याच्या भानगडीत सहसा पडत नसे. त्याच्या ओळी काही साध्या नव्हत. पुष्कळ गुंतागुंतीच्या होत्या. पण गाणारा बोलत असताना तो मध्ये बोलत नाही. मॅकार्टनीने त्याच्यापासून उघडपणे धडे घेतले. साठच्या दशकात सारे जग ज्या गाण्यांवर नाचले त्यांतल्या कित्येकांच्या खाली हा मनुष्य होता, आणि त्याचे नाव मोटाऊनच्या वेष्टनावर प्रथम छापले गेले ते १९७१ साली, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या ध्वनिमुद्रिकेवर. नाव नाही म्हणून त्याने गाण्यात गर्दी केली नाही.

हे सगळे मला त्या रात्री सांगता आले असते तर बरे झाले असते. चुकीचे कारण देऊन केलेली टीका किती नुकसान करते ते मला जानेवारीत कळले. भाच्याच्या कॉलेजचे स्नेहसंमेलन होते. त्याच मुलांनी तेच गाणे पुन्हा वाजवले. या खेपेस भाच्याने रेकॉर्डवरचा बेस स्वरान्‌स्वर घोकून आणला होता. एकही स्वर इकडचा तिकडे नाही. हुबेहूब. टाळ्याही पडल्या. वाजवताना त्याची नजर मात्र सारखी आपल्या बोटांवर होती, शाळेत कविता म्हणताना मुले छताकडे पाहतात तशी. ड्रमवाल्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. कार्यक्रमानंतर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आता बरोबर होतं ना, मामा?" मला हो म्हणवेना आणि नाही म्हणायला तोंड नव्हते.

त्यानंतरचे कित्येक रविवार आम्ही दोघे माझ्या खोलीत बसून वर सांगितलेली गाणी ऐकत होतो. त्याने मला पुष्कळ शिकवले. मी त्याला एकच गोष्ट सांगू शकलो: तबलजी गवयाच्या तोंडाकडे का पाहत असतो, ती.

यंदा गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात ही मुले पुन्हा उभी राहिली. गाणे तेच. बेस रेकॉर्डवरचा नव्हता, आणि कोजागरीचाही नव्हता. पाच-सहाच स्वर होते. ते पुन्हापुन्हा येत होते, आणि दर आवर्तनात एका ठिकाणी तो काहीच वाजवीत नव्हता. त्या रिकाम्या ठिकाणी ड्रमवाला हसत होता. एका कडव्यात त्याने अजूनही थोडी गर्दी केली. ती माझ्या वहीत टिपून ठेवली आहे, यथावकाश सांगेन.

माझी बहीण, म्हणजे त्याची आई, माझ्या शेजारी बसून आरतीनंतर वाटायच्या प्रसादाचे द्रोण भरीत होती. तिला रॉकचे काही कळत नाही आणि त्याचे तिला दुःखही नाही. गाणे सुरू झाल्यावर थोड्या वेळाने माझे लक्ष गेले, तर ती चमच्याने पातेल्याच्या काठावर ठेका धरून होती. मी म्हणालो, "अगं, हा तुझ्या मुलाचा बेस वाजतोय."

"कुठला?" तिने विचारले. "मला तर नुसतं गाणंच ऐकू येतंय."

मी कार्यक्रमानंतर भाच्याला दुसरे काही सांगितले नाही. त्याच्या आईचे ते वाक्य तेवढे सांगितले.